परतीचा ठेका

फुकुओका, ४ जुलै

सुमिए,

पत्राच्या सुरुवातीला ऋतूवर दोन ओळी लिहायची आपली रीत आहे, म्हणून लिहिते. इथे उकडतंय. झालं.

फोन करता आला असता. पण फोनवर तू "हो वन्सं, बरं वन्सं" म्हणतेस आणि फोन ठेवला की स्वतःला हवं तेच करतेस. म्हणून लिहून विचारते, म्हणजे लेखी उत्तर द्यावं लागेल.

परवा मामेबहिणीची सून इथल्या दवाखान्यात आली होती. तिने बेटावरची बातमी आणली की तोकुजीच्या पहिल्या बोनला अंगणात ढोल वाजवणार कोण, तर तुझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारी ती इंग्रजीची मास्तरीण! आणि बोन उरकला की ती कायमची आपल्या देशी चालली, तर निरोपाची भेट म्हणून तोकुजीची टिपरंही तिच्याच पदरात! हे खरं असेल तर तुझं डोकं ठिकाणावर नाही, आणि खोटं असेल तर बेटावर सगळ्यांना सांग की खोटं आहे.

माझा भाऊ जाऊन अजून वर्षही झालं नाही. ऑगस्टात, बोनला पितर घरी येतात तेव्हा, तो मेल्यानंतर पहिल्यांदा घरी येणार. दाराशी पांढरा कंदील बघून आपलं घर ओळखणार, आणि ढोलाच्या ठेक्यावर नाचून परत जाणार. ठेका चुकला तर त्याचं पाऊल अडतं, हे तुला मी सांगायला नको. पन्नास वर्षं बेटावरच्या प्रत्येक घरच्या मेलेल्याला त्यानेच वाट दाखवली. आता त्याची स्वतःची वेळ आली तर ढोलावर वेल्सहून आलेली पोरगी?

आपल्या घराण्यात बाईच्या हातात टिपरं कधी गेली नाहीत. तू सुनेसारखी सून, तुला त्याचं काय! पण मी त्या घरची लेक आहे. माझा शुइची कॉलेजात असताना ड्रम वाजवायचा. तो येईल आणि मामासाठी वाजवेल. टिपरं त्याच्याकडे राहतील.

गेल्या वर्षी मी तुझ्या त्या मास्तरणीला पाहिलं होतं. गोऱ्या बायका उंच असतात म्हणे. ही तर माझ्याच उंचीची निघाली. उंचीही नाही आणि पोचही नाही, बोटीवर माझी पिशवी न विचारता उचलली.

हात्सुको


हागिजिमा, ९ जुलै

वन्संना नमस्कार.

इथेही उकडतंय, पण समुद्रावरून वारा येतो. तो तुमच्या तिसऱ्या मजल्यावर पोचत नसेल.

बातमी खरी आहे. मामेबहिणीच्या सुनेने पहिल्यांदाच काही खरं सांगितलं, तिचं कौतुक करा.

पहिल्या बोनला ढोल कुणी वाजवायचा हे ज्या घरी पांढरा कंदील लागतो ते घर ठरवतं. ते घर आता मी आहे. आणि ठरवलंय मी नाही, यांनीच. जानेवारीत अंथरुणावर पडल्या पडल्या यांनी कॅरिसला बोलावून सांगितलं, "माझ्या वेळी तू वाजव." मी तिथेच होते, यांच्या पायाला गरम पाण्याची पिशवी लावत होते. तुम्ही त्या वेळी फुकुओकाला होतात.

बाईच्या हातात टिपरं हे तुम्हाला खटकतं, पण त्या रात्री ढोल वाजवणाऱ्याच्या डोक्यावर गवती टोपी आणि तिच्याखाली हनुवटीपर्यंत काळं फडकं असतं. टोपीखाली जो असतो तो घरचा मेलेला माणूस, असं आपण मानतो. म्हणूनच त्याला नावाने हाक मारायची नाही आणि आज कोण वाजवतंय हे विचारायचं नाही, त्या रात्रीही नाही आणि मागाहूनही नाही. मग खाली बाई आहे की बुवा, जपानी आहे की वेल्सची, त्याने काय बिघडलं? तुम्ही तर यंदा आधीच विचारून मोकळ्या झालात.

शुइची आला तर आनंद आहे. त्याला तुमच्या नातवाचं उष्टावण होतं तेव्हा पाहिला होता, गुडघे दुमडून पाच मिनिटं बसवलं तर उठवायला दोन माणसं लागली. ढोल गुडघ्यांवर बसून वाजवतात, एवढं त्याला सांगून ठेवा.

कॅरिसची नोकरी या महिन्याअखेर संपते. ती तेव्हाच जाणार होती, पण यांना शब्द दिलाय म्हणून स्वतःच्या आईला कळवून बोन होईपर्यंत थांबली आहे. आणि तिने पिशवी उचलली कारण तुम्ही बोटीतून उतरताना "अरेरे, काय ही माझी कंबर" असं चारदा म्हणालात.

सुमिए


फुकुओका, १५ जुलै

सुमिए,

उन्हाळ्याची भेट म्हणून सोमेन शेवयांचा खोका पाठवलाय. पाठवायची पद्धत आहे म्हणून पाठवला, त्यातून दुसरा अर्थ काढू नकोस.

माझा भाऊ आजारी आहे हे मला कोणी कळवलं? तू? तू कळवलंस ते थेट हॉस्पिटलातून, जेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. "यांनी नको म्हटलं होतं" म्हणालीस. नवऱ्याचा एवढा एकच शब्द तू आयुष्यात पाळलास.

त्या पोरीला त्याने काय सांगितलं, काय नाही, याला साक्षी तू. वा! आणि समजा सांगितलंही, तापाच्या भरात माणूस काहीही बोलतं. गेल्या बोनला मी स्वतःच्या कानाने ऐकलंय. उएमुराच्या घरी पांढरा कंदील होता, आणि तोकुजी वाजवत होता. शेवटचा परतीचा ठेका आला. ढोल थांबल्यासारखा होतो आणि मग डावा हात दोनदा पडतो, तो. मी उभ्या जागी रडले. तो हात जगात दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. सत्तरीला आलेला माणूस, पण हाताला म्हातारपण शिवलं नव्हतं! ते दोन वर्षं शिकून येतं असं तुला वाटत असेल तर तू चाळीस वर्षं त्या घरात बहिरी राहिलीस.

मी तेरा ऑगस्टच्या बोटीने येते आहे. टिपरं कापडात बांधून ठेव. ती मी घेणार. त्या पोरीला निरोपाची भेट हवीच असेल तर पंखा दे, रुमाल दे, तुझ्या त्या खारट उमेबोशी लोणच्याची बरणी दे. ती खाऊन पुन्हा जपानचं नाव काढणार नाही.

हात्सुको


हागिजिमा, २४ जुलै

वन्संना नमस्कार.

शेवया मिळाल्या. गेल्या वर्षीपेक्षा खोका लहान आहे, पण शेवया तेवढ्याच बारीक आहेत. परतभेट म्हणून उमेबोशीची बरणी पाठवली आहे.

शाळेला सुट्टी लागली. शेवटच्या दिवशी मुलांनी कॅरिसला किनाऱ्यावर नेलं, डोळे बांधले, गोल गोल फिरवलं आणि हातात काठी दिली कलिंगड फोडायला. सगळी ओरडत होती, "डावीकडे, सेन्सेई! अजून डावीकडे!" आणि त्या लबाडांनी तिला थेट मुख्याध्यापकांच्या डोक्याकडे पाठवली. बिचारे वाळूतून चार पायांवर पळाले. गावच्या सभागृहात निरोपाचं जेवण झालं. मच्छीमार सोसायटीने तिला मोठी मासळी मिळाली की बोटीवर लावतात तो रंगीत झेंडा दिला, त्यावर तिचं नाव रंगवून. आपल्या बेटावर बाहेरच्या माणसाला असा झेंडा दिलेला मला तरी आठवत नाही. ती भाषण करायला उभी राहिली आणि "मी दोन वर्षं इथे..." एवढंच म्हणून रडायला लागली, मग सगळ्या बायका रडल्या. मीही रडले, आणि मला लाज वाटली नाही.

आता तुमच्या पत्राविषयी. मी हे लिहिणार नव्हते. यांनी शपथ घातली होती. पण तुम्ही मला बहिरी म्हणालात.

गेल्या बोनला उएमुराच्या अंगणात टोपीखाली तुमचा भाऊ नव्हता. त्यांचे हात त्याआधीच्या हिवाळ्यापासून थरथरत होते, चहाचा पेला धरला तर अर्धा चहा मांडीवर. कुणाला कळू दिलं नाही. तुम्हाला तर मुळीच नाही. म्हणायचे, "ताईला कळलं तर ती मला फुकुओकाला नेऊन डॉक्टरांपुढे बसवेल आणि वर सबंध वाट बोलत राहील." मागच्या खोलीत कॅरिस राहायला आली, भिंतीपलीकडून हे ढोलाचे बोल म्हणायचे ते ऐकत राहायची. एक दिवस तिने तेच बोल दारात बसून पायरीवर वाजवून दाखवले. त्या दिवसापासून हे तिला शिकवायला लागले. रोज. बोलाने शिकवायचे, कारण हाताने जमत नव्हतं. उएमुराच्या घरी वाजवलं ते तिने. हे त्यांच्या मागच्या, मासेमारीची जाळी ठेवायच्या खोलीत अंधारात बसून मांडीवर बोटं हलवत होते. बेटावर झाडून सगळ्यांना माहीत होतं, आणि एकानेही तोंड उघडलं नाही, कारण टोपीखाली कोण हे विचारायचं नसतं.

तुम्ही उभ्या जागी रडलात ना? ती रडवणारी वेल्सची आहे. जगात दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही असा तो हात तिचा आहे. तुमची पिशवी उचलणारा.

आता या तेराच्या बोटीने, आणि तिच्या हातातून काढून घ्या टिपरं, जमलं तर.

सुमिए


(पोस्टकार्ड) फुकुओका, ७ ऑगस्ट

तेराला येते. धक्क्यावर कुणाला पाठवू नकोस. शुइची येणार नाही. बरणी मिळाली, खारट आहे.

हात्सुको


हागिजिमा, १९ ऑगस्ट

वन्संना नमस्कार.

घरी सुखरूप पोचला असाल. निघताना बोलला नाहीत, म्हणून पत्राने विचारावं लागतंय.

तुम्ही आलात तेव्हा पायताण काढायच्या आधी "ती कुठे आहे?" म्हणालात आणि थेट मागच्या खोलीत गेलात. मी स्वयंपाकघरात दुधी चिरत होते. मला वाटलं आता आरडाओरडा होणार, म्हणून सुरी हातातच ठेवली, काय सांगावं! पण आवाज आला नाही. बाहेर आलात तेव्हा तुमचे डोळे लाल होते आणि तुम्ही माझ्याकडे न बघता देवघरापुढे जाऊन बसलात. तेव्हाच मी ओळखलं की पोरीने तुम्हाला हरवलं. टिपरं तिच्याकडेच राहिली होती, मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाचणारे अंगणात आले, पांढरा कंदील लागला, आणि ऐन वेळी तुम्ही आपल्या जाळ्यांच्या खोलीत जाऊन आतून दार लावून घेतलंत. मी दारावर थाप मारली, उत्तर नाही. भावाचा पहिला बोन, सगळं बेट अंगणात, आणि सख्खी बहीण दार लावून रुसून बसली! उएमुराच्या म्हातारीने दोनदा विचारलं, "हात्सुकोसान दिसत नाहीत?" तिला काय सांगू? दगदग झाली म्हटलं. तुमच्यासाठी मी खोटं बोलले, याची नोंद असू द्या.

पण तुमचंच नुकसान झालं. वन्सं, तसा ढोल मी माझ्या उभ्या जन्मात ऐकला नाही. यांचाही नाही. हे उत्तम वाजवायचे, पण जपून वाजवायचे. त्या रात्री टोपीखालून जे आलं त्यात जपणं नव्हतं. राग होता, आणि रागाच्या खाली दुसरं काहीतरी, ते मला लिहिता येत नाही. परतीच्या ठेक्याला ढोल थांबला तेव्हा मला खरंच वाटलं की हे फाटकाशी उभे आहेत आणि मागे वळून बघतायत. मग डावा हात दोनदा पडला आणि हे गेले. मी अंगणात सगळ्यांदेखत खाली बसले.

पोरीला काही विचारायचं नाही म्हणून मी बोलले नाही, पण रात्रीच्या जेवणात तिच्या वाडग्यात टोफूचे तीन तुकडे घातले. तुम्हाला एक. तुम्ही बघितलंत, तेही मी बघितलं.

सतराला धक्क्यावर तर कमालच. सगळ्या शाळेची पोरं रंगीत कागदी फिती घेऊन उभी होती, एक टोक बोटीवर तिच्या हातात, दुसरं खाली पोरांच्या हातात. बोट सुटली, फिती उलगडत गेल्या, ताणल्या, एकेक तुटली. शेवटची तुटली ती पिवळी. आणि ती पिवळी कुणाच्या हातात, तर तुमच्या! तुम्ही धक्क्याच्या अगदी टोकापर्यंत चालत गेलात, आणखी एक पाऊल टाकलं असतंत तर पाण्यातच. ती फीत तुम्हाला दिली कुणी? जिला पंखा देऊन कटवायची, तिच्यासाठी एवढी धावाधाव?

टिपरं तिच्याबरोबर गेली. मी माझ्या हाताने दिली, यांच्या शब्दाप्रमाणे. राग आला असेल तर येऊ द्या.

सुमिए


फुकुओका, २५ ऑगस्ट

सुमिए,

तू तुझ्या पत्रात माझी एवढी स्तुती केली आहेस की आधी मला वाटलं तुला कळलंय. मग टोफूपर्यंत आले आणि लक्षात आलं, नाही कळलं.

जाळ्यांच्या खोलीत ती होती. टोपीखाली मी होते.

बस खाली. बसलीस? आता वाच.

तेराला मी तिच्या खोलीत गेले ती तुझं चोवीस जुलैचं पत्र मुठीत घेऊनच. म्हटलं, "वाजव. मी ऐकल्याशिवाय टिपरं सोडणार नाही." तिने बसायची उशी पुढे ओढली आणि तिच्यावरच वाजवायला लागली. बरं वाजवते. चांगलं वाजवते, लिहून देते. परतीचा ठेका आला, ती थांबली, आणि तिचा डावा हात पडायच्या आत माझा पडला. माझ्या स्वतःच्या गुडघ्यावर. मी केलं नाही, हाताने केलं.

तिने टिपरं खाली ठेवली. म्हणाली, "म्हणजे तुम्हीच?"

मी म्हटलं, "मीच काय?"

ती म्हणाली, "तोकुजीसान सांगायचे, बाकी सगळं वडिलांचं आहे, पण हा शेवट माझा नाही. हा ताईने रचलाय, चौदा वर्षांची असताना. वडिलांनी तिच्या हातातून टिपरं काढून माझ्या हातात दिली. मी सबंध आयुष्य तिचं वाजवलं आणि लोकांनी माझं म्हणून ऐकलं."

खरं आहे ते. त्याला मीच शिकवलं, गोठ्यामागे, पालथ्या टोपल्यांवर. एकदा वडील अचानक आले. टिपरं त्याला गेली आणि मला सांगितलं, जा, तांदूळ धू. मी आजपर्यंत धुते आहे. इथे माझ्या स्वयंपाकघरात लाकडी बत्ते दोन आहेत. सून विचारते, "आई, वाटायला एक बत्ता पुरतो, दुसरा कशाला?" घरी कुणी नसलं की कशाला लागतो ते तिला कसं सांगू?

बाईने ढोलाला हात लावू नये, असं मी जन्मभर म्हणत आले, सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात. मला नाही मिळालं ते कुणा दुसरीला मिळालेलं मला बघवत नव्हतं, म्हणून म्हणत आले. त्यातून ती परकी, पोरसवदा, काल आलेली. मी इतकी जळले की झोप उडाली. हे तुला लिहिते आहे कारण तू गुणाची नसलीस तरी गावभर करणारी नाहीस.

त्या पोरीने टोपी आणि टिपरं माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, "मला दया नको." ती म्हणाली, "दया कसली? मी नक्कल शिकले. मला मूळ ऐकायचंय." मी म्हटलं, "तू त्याला शब्द दिलायस." तर म्हणाली, "त्यांनी मला वाजव म्हटलं कारण ते तुमच्याकडे मागायला घाबरत होते." उंची नाही, पण पोच आहे. त्या संध्याकाळी ती जाळ्यांच्या खोलीत आधीच जाऊन बसली होती; टोपी चढवून मी बाहेर पडले आणि आतून कडी तिने लावली.

राग कशाचा येतो सांगू? पन्नासहून जास्त वर्षं. दर बोनला मी अंगणात उभी राहून स्वतःचा ठेका त्याच्या हातून ऐकला, आणि जेवताना तो मला म्हणायचा, "ताई, अजून भात घे." एवढंच. जे मला सांगायचं ते त्याने भाड्याने राहणाऱ्या पोरीला सांगितलं. तुला ठाऊक होतं का? खरं सांग. ठाऊक असून तू मला बाई-बुवा शिकवत बसली असशील, तर हे माझं शेवटचं पत्र.

टिपरं तिने धक्क्यावर मला देऊ केली होती. मीच नाही म्हटलं. ती जाताना रडत होती, तिला तरी काहीतरी धरायला हवं होतं. पिवळी फीत तिनेच दिली, आणि मी पुढे चालत गेले कारण मला ती तोडायची नव्हती. तुला आणखी काही विचारायचं आहे?

आणि त्या रात्री वाजवून वाजवून माझे खांदे उतरले होते. तीन तुकडे माझे होते.

हात्सुको


हागिजिमा, २ सप्टेंबर

वन्सं,

मला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं यांच्या शेजारी झोपले, मला एक शब्द बोलले नाहीत. म्हणजे फसलो आपण दोघीही, आणि फसवणारा टोपी घालून निघून गेला. काल देवघरापुढे बसून यांना बरंच सुनावलं. तुमच्या वाटचंही.

तुम्ही माझ्या घरच्या बोनला मला न विचारता वाजवलंत आणि मला अंगणात खाली बसवलंत. याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही. उएमुराच्या म्हातारीशी मी खोटं बोलले तेही तुमच्यापायी. आणि मागाहूनही सांगायचं नसतं ते तुम्ही सांगितलंत. रीत मोडलीत ती मोडलीत.

पुढल्या उन्हाळ्यात मात्सुओच्या घरी पांढरा कंदील लागणार. त्यांच्या मुलाने काल येऊन विचारलं, "सेन्सेई तर गेली, आता आमच्याकडे कोण?" मी म्हटलं, विचारू नये. टोपी उन्हात वाळवून वर टांगून ठेवली आहे. सुताराला टिपरं सांगितली आहेत, कॅमेलियाच्या लाकडाची. डावं जरा जड ठेव म्हटलं.

तुम्ही आलात की दर वेळी मी तुम्हाला दर्शनी खोली देते, रेशमी पांघरूण काढते, सकाळचा चहा हातात आणून देते. ते यापुढे मिळणार नाही. ते पाहुण्यांसाठी असतं. तुमची गादी स्वयंपाकघराला लागून, माझ्या शेजारी घातली जाईल, आणि सकाळी उठून तांदूळ मी धुवेन.

सुमिए